दातांनी ऐकलेलं

डावा कान मी गिरणीला दिला,
एकरकमी नाही, हप्त्याहप्त्याने,
सोळाव्या वर्षापासून.
उजवा अर्धामुर्धा आहे अजून,
तो आईच्या हाकांसाठी राखलाय.

इंजिन मी दातांनी ऐकते.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवायचं,
लाकडी मूठ चावून धरायची,
डोळे मिटायचे.
मग कवटीत उजाडतं हळूहळू:
इथे टॅपेट सैल,
इथे पाण्याचा पंप कुरकुरतोय,
इथे सगळं ठीक, पुढे चल.

हडसन आमची, बावन्न सालची.
सहा सिलिंडर, एका ओळीत,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे.
ग्रेडी स्टिलवेलच्या ओल्ड्समोबाइलला आठ.
तो फाटकाशी थांबून मोजून दाखवतो, बोटांवर.
व्हर्लन मान वर न करता म्हणतो,
आठांची पंचाईत असते, सहांचं एकमत.

हिवाळाभर आम्ही दोघं कोठारात.
हेड घासलं वीस केसांच्या जाडीइतकं,
म्हणजे वाफेला कोंडायला जागा कमी,
म्हणजे ठिणगी पडली की राग जास्त.
दुसरा कार्बोरेटर बसवला,
त्याच्यासाठी आईचं शिलाईचं मशीन
शार्लटला विकलं गेलं, आणि आई
त्यावर अजून एक शब्द बोललेली नाही.

रविवारी मात्र पिटमध्ये मला मज्जाव.
तीन गोष्टी अपशकुनी मानतात तिथे:
हिरवा रंग, शेंगांची टरफलं, आणि बाई.
दोन मी घरी ठेवून येऊ शकते.

म्हणून चौथ्या वळणाला, कुंपणाबाहेर,
डोक्यावर चर्चची टोपी,
तोंडात स्क्रूड्रायव्हर,
त्याचं टोक कठड्याच्या फळीला.
पाद्रीबाई, मिसेस लॅकी,
आपली मुलं दोन हात लांब ओढतात.
ओढू देत.

तांबडी माती उडते, दातांत कचकच,
हेडलाइटांवर चिकटपट्ट्या,
दारं कमरेच्या पट्ट्यांनी आवळलेली,
तेवीस गाड्या, एकच गदारोळ.
आणि त्या गदारोळात आमची,
जत्रेत आपलं पोर ओळखू यावं तशी.

एकशेबाराव्या फेरीला
सहा पावलांच्या चालीत
तिसरं पाऊल लंगडलं.
एवढंसं. फुस्स.
तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

व्हर्लन दुसरा होता तेव्हा,
ग्रेडीच्या बंपरला नाक लावून.

मी हात वर केला, तीन बोटं.
तो गेला.
पुन्हा तीन बोटं. धुळीत गेला.
मग मी टोपी काढून भिरकावली आत, ट्रॅकवर,
आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं.
बघणाऱ्यांना वाटलं, बाईला झटका आला.

पुढच्या फेरीला खिडकीतून
स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं गेलं, टेकलं.
आवाज एक पट्टी उतरला.

पाचवा आला. पंच्याहत्तर डॉलर.
तीस मैल ट्रकमध्ये तो गप्प,
जबडा असा की पान्यानेही सुटणार नाही.
मीही बोलले नाही. त्याला वाटलं असेल
मला ऐकू येत नाहीये.

रात्री कंदिलाखाली हेड उघडलं.
व्हॉल्व्हची कड कुरतडलेली,
उंदराने बिस्किट खाल्ल्यासारखी.
त्याने तो चिंधीने पुसला,
माझ्या तळहातावर ठेवला,
आणि बाहेर जाऊन बराच वेळ
हातपंपावर हात धूत बसला.

आभार आमच्याकडे असेच मानतात.

सोमवारी सहाला भोंगा.
चारशे माग, सरकीच्या तेलाचा वास,
ओठ वाचत चाललेल्या बायका.
मी जाता जाता एका खांबाला
जबडा टेकवला, उगीच, सवयीने,
आणि मुकादमाला म्हटलं,
एकतीस नंबरचं बेअरिंग चाललंय.

तो म्हणाला, मिस टीग,
तुम्ही आपले धागे बघा.

बुधवारी गेलं.